मग नुसतं बसून राहायचं का?

घरात गिनीपिग आहे असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘केवढ्याला मिळाला?’ कुत्र्याच्या बाबतीत असं होत नाही. तिथे आधी नाव, मग जात, मग ‘चावतो का?’. गिनीपिगची थेट किंमत विचारली जाते, भाजीची विचारावी तशी. सहाशे रुपये, असं उत्तर दिलं की मान डोलते आणि विषय संपतो. पण तो आजारी आहे, त्याला डॉक्टरकडे न्यायचंय, असं सांगितलं तर दुसरा प्रश्न तयारच असतो: ‘अरे, मग दुसरा का नाही घेत?’

हा प्रश्न विचारणारी माणसं दुष्ट नसतात. माझ्या टीममधल्या ज्याने तो विचारला, तो दर महिन्याला रक्तदान करता येत नाही म्हणून हळहळणारा माणूस आहे. तो साधा हिशेब मांडत होता. वस्तू सहाशेची आणि दुरुस्ती अडीच हजारांची असेल तर आपण नवी घेतो. मिक्सरचं तेच करतो, इअरफोनचं तेच करतो. हिशेब चुकीचा आहे हे मला तेव्हाच जाणवलं होतं, पण नेमका कुठे चुकतोय ते सांगता येईना. हा लेख म्हणजे ती ओळ शोधण्याचा प्रयत्न आहे. आमच्या भाषेत डीबगिंग.

आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, मोहरी आणि जिरं. मोहरी काळी, जिरं तपकिरी, दोघी माद्या. त्या माझ्या नाहीत, माझ्या धाकट्या बहिणीच्या. ती मास्टर्ससाठी जर्मनीला गेली आणि जाताना पिंजरा, गवताची गोणी आणि दोन पानी सूचना माझ्या फ्लॅटवर ठेवून गेली. म्हणजे हे लेगसी कोडसारखं झालं. लिहिला दुसऱ्याने, आता चालवायचा मी. एक तरी देऊन टाक कोणाला, असं मी म्हटलं तेव्हा तिने मला सुनावलं की स्वित्झर्लंडमध्ये एकटा गिनीपिग पाळणं २००८पासून बेकायदेशीर आहे. हा कळपात राहणारा प्राणी आहे, एकटा ठेवणं हाच त्याचा छळ, असं तिथला कायदा मानतो. पुण्यात असा कायदा नाही, पण आमच्या घरात लागू झाला.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोहरीचा श्वास बिघडला.

गिनीपिग पाळणाऱ्या कोणालाही विचारा, फ्रिज उघडला किंवा कोथिंबिरीची पिशवी नुसती कुरकुरली की ते ‘वीक वीक वीक’ करून घर डोक्यावर घेतात. त्या संध्याकाळी आई फराळाच्या चिवड्यावर घालायला कोथिंबीर निवडत होती. पिंजऱ्यातून एकच आवाज आला, जिऱ्याचा. मोहरी कोपऱ्यात अंग फुगवून, पाठीला पोक काढून बसली होती. जवळ गेल्यावर बारीक कट् कट् असा आवाज ऐकू आला. नाकाभोवती ओलसर, आणि दर श्वासाला बरगड्यांच्या बाजू आत ओढल्या जात होत्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर ७७० ग्रॅम. रविवारी ती ८१० होती.

माणसाला चाळीस ग्रॅम म्हणजे एक लाडू. आठशे ग्रॅमच्या जीवाला तो शरीराचा विसावा भाग. शिवाय हा शिकार होणारा प्राणी. रानात जो आजारी दिसतो त्याला आधी उचललं जातं, म्हणून आजार लपवणं यांच्या हाडीमाशी आहे. तो दिसायला लागला याचा अर्थ आता लपवण्याचंही बळ उरलेलं नाही.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाहेर फटाके फुटत होते. पहिल्या दोन दवाखान्यांनी ‘फक्त कुत्री-मांजरं’ असं सांगितलं, तिसऱ्याने फोन उचलला नाही. शेवटी एका ओळखीतून, ज्यांना इथे ‘एक्झॉटिक’वाले म्हणतात, म्हणजे ससे-पोपट-कासवं बघणारे, अशा एका डॉक्टरबाई मिळाल्या. त्या गावाहून परतत होत्या. मी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी लगेच फोन केला आणि नेमक्या गोष्टी सांगितल्या. उबेत ठेवा, पण गरम करू नका. धूर, धूळ, वास यांपासून लांब ठेवा. ओली कोथिंबीर आणि गवत तोंडापाशी ठेवा, स्वतःहून खाल्लं तर उत्तम. पण धाप लागलेली असताना सिरिंजने काही भरवू नका, फुप्फुसात जाईल. जिऱ्याला नजरेआड करू नका. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर मात्र थांबू नका, मी देते त्या चोवीस तासवाल्या हॉस्पिटलात ऑक्सिजनसाठी न्या, हे प्राणी एरवी नाकानेच श्वास घेतात. नाहीतर सकाळी साडेआठला मी दार उघडते.

म्हणजे मधले अकरा तास.

या अकरा तासांत जे करण्यासारखं होतं ते पाऊण तासात करून झालं. पिंजरा बाल्कनीच्या बाजूने उचलून आतल्या खोलीत नेला. लाकडाचा भुसा काढून टॉवेल अंथरला. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवली, नको वाटलं तर तिला लांब सरकता येईल अशी. आईला देवापुढची उदबत्ती आणि कापूर बंद ठेवायला सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी! आईने माझ्याकडे असं बघितलं की बस. पण तिने निरांजन ठेवलं, उदबत्ती विझवली.

मग ती हातात ओव्याची पुरचुंडी घेऊन आली. तव्यावर शेकलेली. ‘छातीला लावू. तुला लहानपणी हेच केलंय, रात्र रात्र.’

‘नको आई. तिला भाजेल, आणि ओव्याचा वासही उग्र आहे.’

‘मग वाफ?’

‘वाफही नको. त्यांना उष्णता सहन होत नाही.’

‘थोडं मध?’

‘आई, काहीच नको.’

ती पुरचुंडी हातातच धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘मग नुसतं बसून राहायचं का?’

मी पुष्कळ पुस्तकं वाचलेली नाहीत. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान नव्हतं. पण नीतीचा इतका अडचणीचा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आपल्याला सगळं नीतिशास्त्र क्रियापदांमधून शिकवलेलं असतं. दे, वाचव, धाव, सेवा कर. ‘बसून राहा’ हे आपल्याकडे आळशाचं लक्षण. जीव तडफडतोय आणि घरातली दोन धडधाकट माणसं जमिनीवर मांडी घालून बसली आहेत, याला काळजी घेणं म्हणायचं का?

रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या फ्लॅटमधला मित्र फराळाचा डबा द्यायला आला आणि सगळं ऐकून म्हणाला, ‘अरे, माझ्याकडे अमॉक्सिसिलिनची अर्धी स्ट्रिप पडलीये, दाताच्या वेळची. बारीक कण देऊ पाण्यातून. वाचली तर वाचली.’ त्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिग मरू शकतो. त्याचं पोट चालतं तेच मुळात आतड्यातल्या जिवाणूंवर. हे औषध त्यातले उपयोगी जिवाणू मारतं, मग विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि काही दिवसांत खेळ आटोपतो. माणसाच्या लहान मुलाला आपण जे औषध गुलाबी सिरपमधून निर्धास्त देतो, ते या जीवाला विष आहे. मला हे ठाऊक होतं, कारण बहिणीच्या दोन पानी सूचनांमध्ये ते लाल अक्षरांत होतं.

मित्राला नाही म्हणणं सोपं होतं. अवघड होतं ते त्यानंतरचं. त्याच्या त्या ‘वाचली तर वाचली’मध्ये केवढं तरी आकर्षण आहे. काहीतरी दिलं की आपण सुटतो. सकाळी ती गेली असती तरी ‘आम्ही प्रयत्न केला’ म्हणता आलं असतं. ज्यांनी रात्री दोनला ऑन-कॉल सांभाळलंय त्यांना हे माहीत असेल. सर्व्हर पडलेला असतो, कारण सापडत नसतं आणि वरिष्ठ चॅनलवर विचारतात, ‘एनी अपडेट?’ त्या क्षणी हात शिवशिवतात. काहीतरी रीस्टार्ट करू, कुठलं तरी कॉन्फिग बदलू. त्यातले निम्मे बदल सिस्टिमसाठी नसतात, त्या प्रश्नाला उत्तर म्हणून असतात. फरक इतकाच की आमच्याकडे रोलबॅक असतो. आठशे ग्रॅमच्या आतड्यांना तो नसतो.

तेव्हा आईच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. आपण दुसऱ्यासाठी म्हणून जे करतो त्यातलं बरंचसं स्वतःची घालमेल थांबवण्यासाठी असतं, आणि ती घालमेल सोसत हात आवरणं हेही एक काम आहे. पण हे अर्धंच उत्तर. कारण हात आवरायला माणूस शेजारच्या खोलीत जाऊन झोपूही शकतो. मग बसायचं कशाला?

मी मोजत बसलो. गिनीपिग मिनिटाला साधारण ४० ते १०० श्वास घेतो. फोनवर टायमर लावून तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायची. पहिल्यांदा टॉर्च लावून वाकून मोजले तर १४०. पाच मिनिटांनी पुन्हा, १४८. घाबरून बहिणीला मेसेज केला. मग लक्षात आलं की टॉर्च लागला की ती दचकते, चेहरा जवळ आला की आणखी. प्रोग्रामिंगमध्ये अशा बगला हायझेनबग म्हणतात. बघायला गेलं की वागणूक बदलणारा. मी टॉर्च बंद केला, दाराशी सरकलो, पॅसेजमधल्या दिव्याच्या उजेडात दहा मिनिटं नुसता थांबलो आणि मग मोजले. ११६. जास्तच, पण १४८ नव्हे. वरचे बत्तीस श्वास माझ्या काळजीचे होते.

हे मला त्या रात्री सगळ्यात जास्त लागलं. आपलं लक्ष ही समोरच्यासाठी नेहमी भेटच असते असं आपण धरून चालतो. आजारी माणसाच्या उशाशी दर पाच मिनिटांनी ‘कसं वाटतंय?’ विचारणाऱ्या नातेवाइकाचंही तसंच असतं. त्याला उत्तर देण्यात रोग्याचं बळ जातं. मोहरीला तर उत्तरही देता येत नाही. तिला दुखतंय का, भीती वाटतेय का, की नुसता थकवा, मला कळायला मार्गच नाही. आत काय चाललंय ते बाहेरच्या आकड्यांवरून ताडायचं, आणि आकडा घेणं हाही उपद्रव. मग मी अर्ध्या तासाला एकदा, लांबून, असा नियम केला. वेळ, श्वास, खाल्लं का, लेंड्या किती. सकाळी डॉक्टरबाईंना त्या घाबरलेल्या टेबलावरच्या प्राण्यापेक्षा या यादीवरून जास्त कळणार होतं. म्हणजे बसण्यालाही काम होतं, फक्त त्याचा उपयोग तिला त्या रात्री नव्हता, सकाळी होता.

मधल्या अर्ध्या तासांत फोनवर वाचत राहिलो. आणि वाचता वाचता असा योगायोग सापडला की अंगावर काटा आला. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हॉझिए आणि लाप्लास या दोघांनी बर्फाने वेढलेल्या एका भांड्यात एक गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते त्यांनी मोजलं, आणि त्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूशी ताडून बघितलं. कोळसा जळताना तो वायू आणि उष्णता यांचं जे प्रमाण असतं, साधारण तेच इथेही निघालं. श्वास घेणं म्हणजे संथ ज्वलन, हा निष्कर्ष तिथून आला. सकाळी मोहरीला ज्या ऑक्सिजनच्या पेटीत ठेवणार होते, त्या ऑक्सिजनला नाव देणाऱ्या माणसाने श्वासाचा अर्थ तिच्याच एका पूर्वजाला बर्फात बसवून लावला होता.

पुढची यादीही लांब आहे. रॉबर्ट कॉखने १८८२मध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला त्यामागच्या प्रयोगांत गिनीपिग होते. १९०७मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिश या दोन नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला. त्यातून पुढे ‘क’ जीवनसत्त्वापर्यंत पोचता आलं. हे उंदरावर जमलं नसतं, कारण उंदीर ते जीवनसत्त्व स्वतः बनवतो. गिनीपिग बनवू शकत नाही आणि माणूसही नाही. दोघांच्या शरीरातला एकच एन्झाईम, उत्क्रांतीच्या वेगवेगळ्या फांद्यांवर, स्वतंत्रपणे निकामी झालेला. दोन वेगळ्या टीम्सनी एकमेकांना न विचारता तेच फंक्शन डिलीट करावं तसं. म्हणून मोहरीला रोज ढोबळी मिरची लागते आणि मला लिंबू.

आणि या सगळ्याचं मानधन म्हणून आपण त्यांना एक वाक्प्रचार दिला. ‘आमचा गिनीपिग केला’, असं आपण वैतागून म्हणतो. आमच्या कंपनीत नवं फीचर आधी ज्या पाच टक्के लोकांवर सोडतात त्यांनाही हेच म्हणतात.

रात्री दोनला मला वाटलं, सापडली ती ओळ. हे ऋण आहे. माणसाने या जातीकडून एवढं घेतलं, तर अडीच हजार काय चीज आहे. पण चहा पिऊन झाल्यावर हे टिकेना. कर्ज देणारा राजीखुशीने देतो. त्या पॅरिसच्या गिनीपिगने काही दिलं नव्हतं, त्याच्याकडून घेतलं गेलं. आणि त्याचं देणं मोहरीला का फेडायचं? माझ्या पणजोबांनी कोणाचं शेत लुबाडलं असेल तर भरपाई त्या घराला द्यायची असते, त्याच आडनावाच्या दुसऱ्याच माणसाला नव्हे. शिवाय या तर्काने ज्या प्राण्यांवर प्रयोग झाले नाहीत त्यांना मरू द्यायला हरकत नाही, असं होतं. ऋणाची भाषा गोड आहे, पण ती इथे बसत नाही.

मग वेदनेची भाषा. बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंताने १७८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातल्या एका तळटीपेत म्हटलं होतं की प्राण्यांना तर्क येतो का, बोलता येतं का हे विचारूच नका, त्यांना वेदना होते का एवढंच विचारा. हे मला पटतं. पण त्यातून निघतं ते असं की वेदना कुठलीही असो, ती मोजलीच पाहिजे. त्या क्षणी बाहेर फटाक्यांनी थरथरत गाड्यांखाली शिरलेली सोसायटीची चार कुत्री होती. त्यांच्यापाशी मी बसलो नव्हतो. मग मोहरीपाशीच का?

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिकडे अजून रात्र चढायची होती. ‘दादा, खातेय का ती?’ एक काडी कोथिंबीर, अर्धी, मी सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘दादा, तिला खूपच त्रास होत असेल तर…’ आणि वाक्य तिथेच सोडलं. मीही ते पूर्ण केलं नाही. गिनीपिग पाच-सात वर्षं जगतो, मोहरीला चार झालीत. डॉक्टरबाईंनी सकाळी तो पर्याय समोर ठेवला असता तर सही मला करावी लागली असती. सातारकडचे आमचे काका म्हशींच्या गोठ्यात आयुष्य घालवलेले. त्यांना संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, ‘चारा सोडला नाही ना? मग अजून तिनं सोडलेलं नाही.’ मी बहिणीला तेच सांगितलं. अर्धी काडी खाल्लीये.

काकांवरून आठवलं. ते अडलेल्या म्हशीपाशी अख्खी रात्र बसतात, तळव्याने तिची पाठ चोळत. कोंबडी आजारी पडली तर मात्र ती बाजूला काढतात आणि कामाला लागतात. म्हैस लाखाची, कोंबडी दोनशेची. म्हणजे ‘केवढ्याला मिळाला’चा हिशेब तिथेही आहेच. फक्त काका तो लपवत नाहीत. पण मी पाहिलंय की म्हैस वाचणार नाही असं डॉक्टर सांगून गेल्यानंतरही ते उठत नाहीत. लाख तर गेलेलेच असतात.

आपल्याकडे या प्रकारच्या गोष्टीत एकनाथ यायलाच हवेत. काशीहून रामेश्वराला नेत असलेली कावड त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. मला ती नेहमी फार सोपी वाटते. गाढवाला तहान लागली होती आणि नाथांच्या खांद्यावर पाणी होतं. काय करावं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त करण्याची तयारी आहे का, एवढाच होता. गाढवाला तहानेऐवजी धाप लागली असती तर? खांद्यावर गंगाजल आहे, मनात करुणा आहे आणि दोन्हीचा उपयोग नाही. ती गोष्ट कोणी रचली नाही, कारण त्यात घडण्यासारखं काही नाही. एक संत वाळवंटात गाढवाशेजारी बसलेला, बस. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतात त्या रात्री याच असतात. आयसीयूबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या अशाच माणसांनी भरलेल्या असतात.

सकाळी आठला मी टॉवेल अंथरलेली पेटी घेऊन खाली उतरलो, दोघी आत, पाण्याऐवजी काकडीची फोड. गेटवरच्या सिक्युरिटीच्या मामांनी वाकून पाहिलं. ‘उंदीर आहे का साहेब?’

‘गिनीपिग आहे मामा. दम लागलाय.’

‘दमाच म्हणायचा की. आमच्या नातवाला बी हाय. या फटाक्यात लई हाल होतात त्याचे.’ मग सहज विचारलं, ‘किती घेतो ह्यांचा डॉक्टर?’

‘आठशे. एक्स-रे वेगळा.’

‘बरं,’ ते म्हणाले, आणि गेट उघडलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं.

माणसं आधी, मग प्राणी, हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकतो ते बहुतेकदा दोघांपैकी कोणासाठीच काही करत नसतात. पण मामांनी ते वाक्य म्हटलंच नव्हतं. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा १९७२चा एक प्रसिद्ध निबंध आहे. त्यातला मुद्दा असा की समोरच्या डबक्यात बुडणारं मूल आणि हजारो मैलांवरचं उपाशी मूल यांत नैतिक फरक नाही. अंतर हे कारण होऊ शकत नाही. तो खरा असेल तर मामांचा नातू माझ्या पेटीतल्या जीवापेक्षा लांब कसा? गाडीत पूर्ण रस्ताभर माझ्या डोक्यात हेच होतं.

आणि मला वाटतं ती ओळ तिथेच सापडली. बाणेर रोडच्या सिग्नलला, पेटीची कडी नीट लागली आहे ना हे चाचपताना.

कडी. मोहरीच्या बाबतीत जबाबदारी करुणेतून येत नाही, ऋणातून नाही, ती गोड दिसते म्हणूनही नाही. ती त्या कडीतून येते. ही जात आता रानात कुठेच राहत नाही. अँडीजच्या डोंगरांत हजारो वर्षांपूर्वी माणसाने तिला पाळलं, मुख्यतः खाण्यासाठी, पेरूमध्ये आजही खातात. तेव्हापासून तिला परत जायला घरच उरलेलं नाही. त्यात आम्ही तिला पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर पिंजऱ्यात ठेवलं. हवा कुठली घ्यायची, ऊब कुठे शोधायची, कुठलं पान खायचं, सोबत कोण, हे सगळे तिचे पर्याय आम्ही एकेक करून बंद केले. रस्त्यावरचं कुत्रं निदान गाडीखाली शिरू शकतं. हिला खोलीतून बाहेर जायचं असेल तर मी उचलावं लागतं. ज्याने बाकीची सगळी दारं लावली त्याला उरलेल्या एका दारापाशी बसावं लागतं. सहाशे रुपयांत आम्ही प्राणी विकत घेतला नव्हता, तिच्या सगळ्या दारांच्या किल्ल्या घेतल्या होत्या. आणि ‘दुसरा का नाही घेत?’मधला हिशेब इथे चुकतो: दुसरा घेतल्याने या पहिलीच्या किल्ल्या परत करता येत नाहीत.

हा तर्क मला पटला, आणि लगेच अडचणीत आणणारा निघाला. कारण पर्याय बंद करण्यावर जबाबदारी ठरत असेल तर गेटवर बारा तास, जनरेटरच्या शेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसणाऱ्या मामांचं काय? त्यांच्या केबिनची जागा आमच्या कमिटीने ठरवली. एजन्सी आम्ही निवडली, सगळ्यात कमी कोटेशनवाली. सुट्टी नाही, विमा नाही, हे त्या कोटेशनमध्येच होतं. कडी इथेही आहे, नुसती लोखंडी नाही. ‘माणूस आहे, नोकरी सोडू शकतो’ हे उत्तर मी स्वतःला देऊन पाहिलं. एक नातू दम्याचा आहे हे कळल्यावर ते उत्तर तितकंसं चालत नाही. पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. विषयपत्रिकेत मी हा मुद्दा घातलाय. मी नवा आहे, भाडेकरू आहे, मत देता येत नाही, बोलता येतं.

डॉक्टरबाईंनी आधी यादी पाहिली, मग मोहरीला. एक्स-रेमध्ये डाव्या बाजूला पांढुरकं होतं. न्यूमोनिया, पण सुरुवातीचा. वीस मिनिटं पारदर्शक पेटीत ऑक्सिजन, नेब्युलायझर, तिला चालणारं अँटिबायोटिक आणि ‘क’ जीवनसत्त्व. ‘रात्री काही दिलं नाहीत ना?’ त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली आणि वजन लिहिलं. ७६२.

औषध चौदा दिवस, सकाळी आठ आणि रात्री आठ, ०.३ मिली, सिरिंजने गालाच्या कडेने. पहिल्या दिवशी तिच्यात विरोध करायचं त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने मान फिरवली, पाचव्या दिवशी सिरिंज चावली. आठव्या दिवसापासून माझी पावलं ऐकली की ती घरट्यात पळते. आईच्या हातची कोथिंबीर घेते, जिऱ्याच्या वाटणीचीही पळवते. व्हिडिओ कॉलवर बहिणीचा आवाज आला की ‘वीक वीक’ सुरू. मी हात पुढे केला की कोपरा गाठते. बहीण हसते आणि म्हणते, ‘दादा, तुझ्यावर जाम राग आहे तिचा.’ काल वजन ८०४ भरलं. आज रात्रीचा डोस अजून द्यायचाय, तिने घरट्यात तोंड आत करून पाठ माझ्याकडे केली आहे, आणि बाजू हलतायत त्या मला इथूनच मोजता येतायत. ८८.